कृपा फुकट, मग मी केलेल्याचं काय?

ताई, सलाम.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि एक दिवस तसंच ठेवलं. लगेच लिहायला बसलो असतो तर उपदेश झाला असता. तुमच्यासारखा प्रश्न मनात असलेले इतरही हे वाचणार आहेत, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो.

तुमचा धाकटा भाऊ पंधरा वर्षं दारूत होता. आईचे दागिने गेले, पतसंस्थेचं कर्ज झालं, आणि त्या कर्जाला जामीन म्हणून सही तुमची. आईला पक्षाघात झाल्यापासून अकरा वर्षं तिचं सगळं तुम्ही एकटीने केलं. त्याची दारू सुटावी म्हणून बाळ येशूला नवस बोललात, फेब्रुवारीच्या यात्रेत अनवाणी चालत गेलात. दारू सुटली नाही. गेल्या पावसाळ्यात तो हॉस्पिटलात होता. शेवटच्या नऊ दिवसांत त्याने पाळकांना बोलावून घेतलं, रडला, पापं कबूल केली, प्रभुभोजन घेतलं आणि गेला. दफनविधीला पाळक म्हणाले, तो प्रभूजवळ आहे. आई त्या एका वाक्यावर जगते आहे. तुम्ही मात्र विचारता: "कृपा फुकटच असेल तर माझ्या अकरा वर्षांचं काय? तो नऊ दिवसांत पोचला. मी कशासाठी झिजले? आणि असं मनात येतं म्हणजे मी वाईट ख्रिस्ती आहे का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, तुम्ही वाईट ख्रिस्ती नाही. सत्तावीस वर्षं मी नाशिक शहरात आणि आसपासच्या मंडळ्यांत पाळकपण केलं. हा प्रश्न मला मंडळीत नुसत्या येऊन बसणाऱ्यांनी कधी विचारला नाही. ज्यांनी खरोखर खस्ता खाल्ल्या त्यांनीच विचारला, तोही बहुतेक वेळा दाराशी, चप्पल घालता घालता, हळू आवाजात. तुम्ही तो लिहून विचारलात. त्यामुळे मीही आडपडदा न ठेवता लिहितो.

'कृपा' हा शब्द आपल्या तोंडात इतका बसलाय की त्याची धार गेली आहे. "आपल्या कृपेने सर्व कुशल" असं आपण पत्रात लिहितो. वारकऱ्यांच्या घरात गुरुकृपा असते. ज्ञानेश्वरांनी आपलं सगळं श्रेय निवृत्तीनाथांच्या कृपेला दिलं आणि त्या निवृत्तीनाथांची समाधी इथून जवळ, त्र्यंबकेश्वरला आहे. म्हणजे शब्द आपल्याला परका नाही. अडचण दुसरीकडे आहे. आपलं रोजचं सगळं देणंघेणं परतफेडीवर चालतं, आणि कृपेलाही आपण नकळत त्याच वहीत लिहून टाकतो.

वहीवरून माझ्या आईची आहेराची वही आठवते. सिन्नर तालुक्यात आमचं गाव. लाल कापडी पाठीची, आडवी, वाण्याच्या दुकानातली वही. लग्न असो, बारसं असो, बाप्तिस्मा असो, कुणी काय दिलं आणि आपण कुणाला काय दिलं ते तीत लिहिलेलं: नाव, गाव, पाच रुपये, खण, स्टीलचं पातेलं. कुणाकडे कार्याला जायचं झालं की आदल्या रात्री कंदिलाजवळ वही उघडायची, बोट फिरवत नाव शोधायचं, आणि जेवढं आलं त्याहून थोडं जास्त न्यायचं. हा हिशोब तिने मनापासून सांभाळला, आणि गावात मान राहिला तो त्यामुळेच. त्यात वाईट काही नाही.

१९७२ च्या दुष्काळात एका पहाटे आमच्या दारात अर्धं पोतं ज्वारी कुणीतरी ठेवून गेलं. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. पोत्याचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं, आणि दारापासून रस्त्यापर्यंत चार-पाच दाणे सांडलेले होते. ते मीच वेचून आणले. आईने वही काढली, लिहिलं, 'अर्धं पोतं ज्वारी', आणि नावाच्या रकान्यापाशी ती थांबली. पुढे कित्येक महिने तिने आडून आडून विचारलं. कुणी कबूल झालं नाही. तो रकाना शेवटपर्यंत कोरा राहिला. नाव कळलं असतं तर आईने पुढच्या सुगीला अर्धं पोतं त्यांच्या ओट्यावर नेऊन टाकलं असतं, वर दोन पायल्या जास्त घातल्या असत्या, आणि तिचं मन हलकं झालं असतं. पण मग ते उसनं ठरलं असतं. नाव नव्हतं म्हणून ते दान राहिलं. त्यानंतर आईने एक गोष्ट बदलली, जी मला फार उशिरा लक्षात आली. घेतलेल्याची नोंद ती करत राहिली, दिलेल्याची नोंद तिने बंद केली.

बायबलमधलं प्रेषित पौलाचं इफिसकरांना लिहिलेलं वाक्य तुम्हाला पाठ असेल: "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे." पुढे तो म्हणतो, हे तुमच्या हातून झालं नाही, हे देवाचं दान आहे. रोमकरांच्या पत्रात तर तो दोन शब्द शेजारी शेजारी ठेवतो. पापाचं 'वेतन' मरण, आणि देवाचं 'कृपादान' युगानुयुगाचं जीवन. वेतनासाठी त्याने वापरलेला ग्रीक शब्द शिपायाच्या पगाराचा आहे: ठरलेला, मोजून मिळणारा, हक्काने मागता येणारा. कृपादानाचा शब्द 'खारिस' म्हणजे कृपा याच शब्दापासून आलेला आहे. एकाला पावती असते, दुसऱ्याला नसते. तुमचं मन दुखतंय ते तुम्ही पावती जपून ठेवलीत आणि खिडकीवरच्या माणसाने ती मागितलीच नाही म्हणून.

हे दुखणं खरं आहे, आणि येशूला ते चांगलं ठाऊक होतं. नाहीतर त्याने द्राक्षमळ्याचा दाखला सांगितलाच नसता. पहाटे काही मजूर एक दीनार रोजावर ठरले. मालक पुन्हा नऊला गेला, बाराला गेला, तीनला गेला, आणि शेवटी पाचला गेला, तेव्हा दिवस संपायला एक तास उरला होता. संध्याकाळी त्याने कारभाऱ्याला सांगितलं, शेवटच्यांपासून मजुरी दे. पाचला आलेल्यांना पुरा दीनार. पहाटेच्यांनाही दीनारच, म्हणून ते कुरकुरले. मालक उलट्या क्रमाने मजुरी वाटतो हे नीट पाहा. पहाटेच्यांना आधी दिली असती तर ते समाधानाने घरी गेले असते, भांडण झालंच नसतं. ते बघणार हे ठाऊक असूनही त्याने तसं केलं.

हा दाखला मी एकदा दिंडोरी तालुक्यातल्या एका बागेत, शेडखाली बसलेल्या मजुरांना सांगितला. डिपिंगचे, म्हणजे द्राक्षांचे घड औषधात बुडवण्याचे दिवस होते. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बाया आणि गडी, हातांच्या बोटांवर औषधाचा रंग, शेजारी मुकादम हजेरीची वही मांडीवर घेऊन. गोष्ट संपल्यावर एक बाई सरळ म्हणाली, "मालक चांगला हाय, पन उद्या सकाळच्याला कोन येईल कामाला? समदी पाचलाच येतील." सगळे हसले. मला उत्तर सुचलं नाही. आजवर ऐकलेल्या प्रवचनांत हा आक्षेप इतका स्वच्छ कुणी मांडला नव्हता. मग मागे बसलेला एक म्हातारा गडी बोलला. तो म्हणाला, "पाचपर्यंत नाक्यावर उभं राहून बघा की. कोन उरतं तिथं?"

एवढं बोलून तो गप्प झाला. मी मात्र नंतर मजूर नाक्यांवर मुद्दाम थांबून पाहिलं. आठ वाजेपर्यंत धट्टीकट्टी पोरं टेम्पोत बसून जातात. साडेदहा-अकराला जे उरतात त्यात कुणाचा हात थरथरत असतो, कुणाच्या तोंडाला आदल्या रात्रीचा वास असतो, कुणी साठीच्या पुढचा असतो, कुणाची दोन बोटं यंत्रात गेलेली असतात. दाखल्यात मालक विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कुणी कामावर लावलं नाही. दिवसभर उन्हात उभं राहून नाकारलं जाणं हेही एक ओझं असतं, फक्त त्याचा रोज कुणी लावत नाही. आणि एका दीनारात एका घराचं एका दिवसाचं पोट भरायचं. पाचला आलेल्याला मजुरीचा बारावा हिस्सा दिला असता तर हिशोब बरोबर झाला असता, आणि त्याची पोरं उपाशी झोपली असती.

त्या बाईचा आक्षेप मी अजूनही खरा मानतो. मजुरीची पद्धत म्हणून हे चालणार नाही. कुणी बागायतदाराने करून पाहू नये. येशू शेतीचा कारभार शिकवत नव्हता. देवाच्या राज्यात माणूस शिरतो तो मजूर म्हणून शिरत नाही, एवढं त्याला सांगायचं होतं.

मग कोण म्हणून शिरतो? इथे तुमच्यासाठी दुसरा दाखला महत्त्वाचा आहे, आणि तो तुम्ही आतापर्यंत भावाच्या बाजूनेच ऐकला असणार. उधळ्या पुत्राचा: आपला वाटा उधळून परत आलेल्या धाकट्याचा आणि घरीच राहिलेल्या थोरल्याचा. मंडळीत आपण नेहमी धाकट्याबद्दल बोलतो: डुकरं, शेंगा, परत येणं, बापाचं धावत जाणं. लूकच्या पंधराव्या अध्यायात गोष्ट तिथे संपत नाही. थोरला शेतातून येतो, वाद्यांचा आवाज ऐकतो आणि आत जात नाही. तो बापाला म्हणतो, "पाहा, मी इतकी वर्षे आपली सेवाचाकरी करत आहे." मूळ ग्रीक क्रियापद गुलामाने राबण्याचं आहे. धाकटा घरी येताना मनात घोकत आला होता, मला तुमच्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. एक मोलकरी व्हायला निघालेला, दुसरा घरातच गुलाम होऊन राहिलेला. बापाला दोघेही मुलगे हवे होते.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. धाकट्याने वाटा मागितला तेव्हा बापाने 'त्यांच्यामध्ये' मालमत्ता वाटून दिली, असं लिहिलंय. दोघांमध्ये. मोशेच्या नियमशास्त्रात थोरल्याला दुप्पट वाटा होता. दोन भाऊ असतील तर तीनपैकी दोन वाटे थोरल्याचे. म्हणजे 'मला तुम्ही कधी एक करडूही दिलं नाही' असं म्हणत ज्या करडासाठी तो रुसला होता ते करडू त्याचंच होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर त्याचं नाव कधीच चढलं होतं. बाप म्हणतो, "बाळा, तू माझ्याबरोबर नेहमीच आहेस, आणि माझे जे काही आहे ते सर्व तुझेच आहे." धाकट्यावर जेवढी कृपा तेवढीच थोरल्यावर. फरक एवढाच, की धाकट्याला ती एका रात्रीत दिसली आणि थोरल्याला इतकी वर्षं तिच्यात राहूनही दिसली नाही.

ताई, तुम्ही अकरा वर्षं आईला कुशीवर वळवलंत. रात्री दोन वाजता चादर बदललीत. पाठीला जखम होऊ दिली नाहीत. अकरा वर्षं अंथरुणावर असलेल्या माणसाला बेडसोअर न होणं म्हणजे काय, हे मी घरोघरी भेटी देऊन जाणतो. ते वाया गेलं असं देव म्हणत नाही. ते स्वर्गाचं भाडं होतं असंही तो म्हणत नाही. तुम्ही ते प्रेमाने केलंत आणि काही दिवस नुसतं कर्तव्य म्हणून, दातओठ खाऊन केलंत. तेही चालतं. पौलाने इफिसकरांना कृपेचं ते वाक्य लिहिल्यावर लगेच पुढच्या ओळींत सत्कृत्यांबद्दल लिहिलं आहे: ती करावी म्हणून आपल्याला घडवलं आहे. आधी दान, त्यातून काम. क्रम उलटा केला की माणूस तुमच्यासारखा थकतो.

हा क्रम बायबलमध्ये पहिल्यापासून आहे. इस्राएल लोक मिसर देशातून आधी सुटले आणि दहा आज्ञा नंतर सीनाय डोंगरावर मिळाल्या. आज्ञा पाळून दाखवा मग सोडवतो, असं देव कधी म्हणाला नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत द्यायचं ठरवलं ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर.

आणि हा क्रम आपल्या गावातही घडला आहे. शरणपूर रोडने तुम्ही रोज जाता. चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली. पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून जहाजांत भरून नेलेली मुलं ब्रिटिश नौदलाने समुद्रात सोडवली, आणि त्यांतली काही इथे आणून शिकवली. त्या मुलांनी सुटकेसाठी काहीही दिलं नव्हतं. द्यायला त्यांच्यापाशी नावसुद्धा उरलं नव्हतं. इथे शिकलेला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टनांच्या मोहिमेत गेला. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथेच पुरलं गेलं, त्या दफनाची प्रार्थना वाचणारा तोच, आणि देह शेकडो कोस किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत तोच. १८७४ मध्ये देहाबरोबर तो इंग्लंडला गेला. सुटका त्याने कमावली नव्हती. पण सुटलेल्या माणसाने नंतर केलेलं हे काम वाया गेलं असं कुणी म्हणेल का?

आता भावाबद्दल. तो नऊ दिवसांत 'पोचला' असं तुम्ही लिहिता. येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला नऊ दिवसही मिळाले नव्हते. त्याने एवढंच म्हटलं, माझी आठवण करा, आणि त्याला 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील' हे उत्तर मिळालं. म्हणून पाळकांनी दफनाच्या वेळी जे सांगितलं ते चूक नव्हतं. भावाच्या पश्चात्तापाची खोली मोजणं मात्र तुमचं काम नाही आणि माझंही नाही. दारूच्या माणसाची शपथ किती टिकते हे तुम्ही पंधरा वर्षं पाहिलंय, त्यामुळे शंका येणं स्वाभाविक आहे. ती शंका तशीच देवापुढे ठेवा, उत्तर ओढून काढू नका. एक विचारतो. तो पंधरा वर्षं ज्या नरकात होता त्यात राहून सुखी होता असं तुम्हाला कधी वाटलं का? थोरल्याला वाटलं होतं की धाकटा मजा मारून आला. बापाला माहीत होतं की तो मेलेला होता.

क्षमा झाली म्हणून त्याने तुमचं केलेलं नुकसान पुसलं जात नाही, हेही स्पष्ट लिहितो. देवाने त्याला माफ केलं असेल. पतसंस्थेचे हप्ते चालूच आहेत. आईचे दागिने परत येणार नाहीत. "देवाने माफ केलं, मग तू का धरून बसलीस?" असं कुणी नातेवाईक म्हणाला तर तो कृपेच्या नावाखाली तुमच्यावर अन्याय करतो आहे. कृपा स्वस्त करून विकण्याचा हा प्रकार जुना आहे. जर्मनीतले पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी त्याच्याविरुद्ध फार कळकळीने लिहिलं. ते स्वतः हिटलरच्या तुरुंगात होते आणि ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिलं गेलं. त्यांचं म्हणणं असं, की कृपा आपल्याला फुकट मिळते, पण तिची किंमत देवाने आपल्या पुत्राच्या रूपात मोजलेली आहे. क्षमा तुम्ही वेळ घेऊन करा. काही दिवस जमेल, काही दिवस जमणार नाही.

तुमच्या सासूबाई कॅथलिक आहेत आणि म्हणतात की तुमच्याकडे, म्हणजे प्रोटेस्टंटांकडे, कर्माला किंमतच नाही. त्यांना आदराने सांगा, हा वाद बराचसा मिटलेला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंटांपैकी लूथरन मंडळ्यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, की माणूस देवाला मान्य होतो तो कृपेनेच, स्वतःच्या गुणांमुळे नाही, आणि तीच कृपा त्याला सत्कृत्यांसाठी बळ देते. स्वयंपाकघरात यावर भांडू नका.

प्रार्थना येत नाही असं लिहिलंत. मग प्रार्थना करू नका, तक्रार करा. स्तोत्रांमध्ये तक्रारी भरपूर आहेत आणि त्या शास्त्रात आहेत. थोरल्याने अंगणात उभं राहून बापाला तोंडावर सुनावलं, तेव्हा बाप रागावला नाही. मेजवानी सोडून तो बाहेर आला होता, धाकट्यासाठी जसा धावला तसाच. थोरला आत गेला की नाही, ते येशूने सांगितलेलं नाही.

आता कामाचं. आईजवळ आठवड्यातल्या दोन रात्री बसायला आमच्या महिला मंडळातल्या दोघीजणी तयार आहेत; मी विचारलंय. एक निवृत्त परिचारिका आहे, वळवणं-पुसणं सगळं तिला येतं. नाही म्हणू नका आणि त्यांना काय द्यायचं तेही विचारू नका. कर्जाचे कागद, म्हणजे मूळ करारपत्र, जामीनपत्र, आलेल्या नोटिसा आणि भावाचा मृत्यूचा दाखला, एका पिशवीत घालून मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता या. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले आमच्या मंडळीतले एक गृहस्थ येणार आहेत. जामीनदाराकडून वसुली करताना व्याजात सूट मिळते का, एकरकमी तडजोड होते का, हे ते बघतील. नोटिशीची पाकिटंही फेकू नका, त्यांवरचे तारखेचे शिक्के लागतील.